मोटारीवर उडालेला रंग काढणे (कोलकाता)

मोटारीवर उडालेला रंग काढणे : दुसऱ्याच वस्तूला दिला जाणारा फवाऱ्याचा रंग वाऱ्याबरोबर येऊन शेजारी उभ्या असलेल्या मोटारीच्या पत्र्यावर बसला, तर तो गाडीच्या मूळ रंगाला धक्का न लावता उतरवण्याची प्रक्रिया. गॅरेजांत या उडालेल्या रंगाला ‘ओव्हरस्प्रे’ म्हणतात. तो पुष्कळदा डोळ्यांआधी हाताला कळतो : गाडी धुतल्यावरही बॉनेट खरखरीत लागते आणि तिरप्या उजेडात बारीक कण दिसतात.

कोलकात्यात असे प्रसंग वारंवार येतात, कारण गाड्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहतात आणि रंगकामही तिथेच चालते. राज्यातील २०११ च्या सत्तांतरानंतर शहरातील कठडे, दुभाजक, उड्डाणपूल आणि सरकारी इमारती निळ्या-पांढऱ्या रंगात रंगवण्यात आल्या. २०१४ मध्ये महापालिकेने याच दोन रंगांत घर रंगवणाऱ्यांना मालमत्ता करात सवलतही जाहीर केली. दुर्गापूजेच्या आधी गल्लीबोळांत मांडव उभे राहून तिथेच रंगवले जातात. मल्लिक बाजारासारख्या भागात सुट्या भागांच्या दुकानांशेजारी डेंटिंग-पेंटिंगची कामे चालतात. त्यात चैत्र-वैशाखातील कालबैशाखी : दुपार कलल्यावर अचानक उठणाऱ्या या वादळात फवारा कुठवर जाईल याचा अंदाज कसलेल्या रंगाऱ्यालाही येत नाही. खुद्द रंगाचा उद्योगही इथला जुनाच आहे. शालिमार पेंट्सचा हावड्यातील कारखाना १९०२ चा, तर आजच्या बर्जर पेंट्सचे मूळ १९२३ मध्ये स्थापन झालेल्या हॅडफील्ड्स (इंडिया) या कंपनीत आहे.

उपाय ठरतो तो दोन गोष्टींवरून : वर कोणता रंग पडला आहे आणि खाली कोणता आहे. डाग दिसताच थिनरची बाटली उघडणारे हे दोन्ही प्रश्न वगळतात. गाडीचे खरे नुकसान डागापेक्षा त्या घाईनेच अधिक होते.

आधी वरचा रंग. भिंतीचा इमल्शन रंग पाण्यात कालवलेला असतो. पावसाळ्याच्या दमट हवेत तो सावकाश वाळतो, म्हणून तेवढ्या वेळात नुसत्या साबणपाण्यानेही निघतो. कठड्यांचा इनॅमल तेलकट. त्याचे थेंब हवेत वाळत नाहीत, ओलेच येऊन चिकटतात आणि मग हवेतील ऑक्सिजनाशी संयोग होऊन काही दिवसांत कडक होतात. गॅरेजमधला नायट्रोसेल्युलोज रंग, ज्याला आपल्याकडे सर्रास ‘ड्युको’ म्हणतात, नुसते द्रावक उडून वाळतो. त्याचा बराचसा फवारा वाटेतच सुकून भुकटीसारखा पडतो, त्यामुळे हा प्रकार त्यातल्या त्यात सोपा. हार्डनर मिसळलेला दोन घटकांचा पॉलियुरेथेन मात्र रासायनिक बंधांनी घट्ट होतो आणि पुरता पिकल्यावर थिनरलाही दाद देत नाही.

खालचा रंग ओळखणे कोलकात्यात विशेष महत्त्वाचे आहे. उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्स कारखान्यात २०१४ पर्यंत बनलेल्या ॲम्बेसेडर गाड्या, त्यांतही पिवळ्या टॅक्सी, शहरात अजून दिसतात आणि हौशी मालकही त्या जपतात. अशा जुन्या गाड्यांवर वरचा थरच रंगीत असतो, त्यावर पारदर्शक लेप (क्लिअर कोट) नसतो. पॉलिश करताना फडक्याला पिवळा रंग लागला, तर तो गाडीचाच असतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, पण हात आवरता घ्यावा. पुढे कधी रस्त्याकडेच्या गॅरेजात ड्युकोने पुन्हा रंगवलेली गाडी असेल तर थिनर पूर्ण वर्ज्य, कारण तो डागासोबत खालचा थरही विरघळवतो. नव्या गाड्यांचा कारखान्यात सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजलेला रंग बराच चिवट असतो. मात्र त्यावरचा क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनच जाड असतो. अशा गाडीला पॉलिश करताना फडक्याला तिचा रंग लागू लागला, तर क्लिअर कोट संपला असे समजावे.

काम सावलीत, पत्रा थंड असताना करावे. गाडी भरपूर पाण्याने व शाम्पूने धुऊन वाळूचे कण काढल्यावर पहिला उपाय डिटेलिंग क्लेचा. बारीक अपघर्षक मिसळलेली ही मऊ माती जपानमध्ये तयार झाली. ताडाओ कोदाते यांचे नाव तिच्याशी जोडले जाते आणि १९९० च्या दशकात तिला अमेरिकी पेटंट मिळाले. पत्र्यावर साबणपाणी मारून मातीचा चपटा तुकडा हलक्या हाताने, सरळ रेषेत, थोड्या थोड्या भागावर फिरवतात. वर उठलेले रंगाचे कण तिला अडकून उपटले जातात आणि सपाट पृष्ठभाग पाण्यावरून घसरत राहतो. जोर लावण्याची गरज नसते. खरखर थांबली की तो भाग झाला. माती मळून स्वच्छ बाजू वर आणत राहावी, आणि खाली पडलेला तुकडा टाकूनच द्यावा, कारण त्याला चिकटलेला खडा पत्र्यावर लांब ओरखडा काढतो. शेवटी बारीक पॉलिश आणि मेण.

मातीने न निघालेल्या इनॅमलसाठी रॉकेल किंवा टर्पेंटाइन फडक्यावर घेऊन डाग मिनिटभर ओला ठेवतात व नंतर साबणाने धुतात. आधी दाराच्या आतल्या कडेवर चाचणी घ्यावी. वाळलेल्या इमल्शनला आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ करते. थिनर अगदी शेवटी, तोही कारखान्यातल्या मूळ रंगावरच, क्षणभर, मोकळ्या हवेत, हातमोजे घालून आणि आसपास विडी-सिगारेट नसताना. रबिंग कंपाऊंडने डाग जातो, पण सोबत क्लिअर कोटही झिजतो. कडा आणि उंचवट्यांवर तो आधीच पातळ असतो, म्हणून तिथे मशीन लावू नये.

भिंतींवरच्या राजकीय मजकुरासाठी आधी चुना फासण्याची बंगालमध्ये जुनी रीत आहे. त्या चुन्याचे शिंतोडे वेगळ्या जातीचे. ते अल्कलीधर्मी असून वाळल्यावर कॅल्शियम कार्बोनेटचा खडबडीत थर होतो. कोरडे घासल्यास चरे पडतात. पाणी घातलेल्या व्हिनेगरने तो थर विरघळवून लगेच भरपूर पाण्याने धुवावा.

काचेवरचे कण साबणपाण्यासह नव्या ब्लेडने तिरपे खरवडता येतात. हेडलाइटच्या पॉलिकार्बोनेटला व टेललाइटच्या ॲक्रिलिकला थिनर लागल्यास बारीक तडे जातात, आणि न रंगवलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या पांढुरक्या पडतात. या भागांवर फक्त माती व साबणपाणी वापरावे. पिकलेला पॉलियुरेथेन मोठ्या भागावर दाट बसला असेल, तर तो पॅनल अनुभवी रंगाऱ्याकडून वॉटर पेपरने घासून पुन्हा रंगवून घेणे योग्य.