निंदाप्रतिबंधक कलमे, फ्रँचाइझ करारांतील

फ्रँचाइझ देणारी कंपनी, तिचे अधिकारी, माल वा व्यापारपद्धती यांविषयी हक्कधारकाने प्रतिकूल बोलू अगर लिहू नये, असे बंधन घालणारी करारातील तरतूद. नाममुद्रेच्या लौकिकाचे रक्षण, हा तिचा सांगितला जाणारा हेतू होय. तो निराधार नाही. एका दुकानदाराच्या जाहीर तक्रारीची झळ त्याच नावाने व्यवसाय करणाऱ्या इतरांनाही लागते. तथापि बदनामीच्या दिवाणी दाव्यात विधानाची सत्यता हा बचाव ठरतो, तसा तो येथे सहसा ठरत नाही. न बोलण्याचे वचन मोडले काय, एवढेच पाहिले जाते. नूतनीकरण, हस्तांतरण किंवा तंट्याची तडजोड होताना लिहून घेतल्या जाणाऱ्या दावामुक्तिपत्रांतही हे कलम आढळते. साहजिकच ज्याचे भांडवल बुडाले व ज्याच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ आहे, त्याचेच तोंड आधी बंद होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उपाहारगृहे, मोटेल इ. धंद्यांत फ्रँचाइझ पद्धती झपाट्याने पसरली आणि तीबरोबर अननुभवी गुंतवणूकदारांची फसवणूकही वाढली. कॅलिफोर्नियाने १९७० मध्ये या विषयावरील पहिला राज्य कायदा केला; फेडरल ट्रेड कमिशनचा देशव्यापी नियम १९७९ मध्ये अंमलात आला. अटी ठरवून देण्याऐवजी माहिती उघड करविण्यावर या नियमाची भिस्त होती. इच्छुकास काही चालू हक्कधारकांची नावे व पत्ते द्यावयाचे आणि त्यांच्याकडे चौकशी करून त्याने आपली पुंजी गुंतवावी की नाही ते ठरवावयाचे, अशी ही योजना. मौनाच्या कलमाने तिचा पायाच पोखरला. नावे मिळाली, तरी उत्तरे मिळतीलच असे राहिले नाही.

२००७ च्या सुधारित नियमाने यावर अर्धाच उपाय केला. मागील तीन आर्थिक वर्षांत हक्कधारकांकडून असे गोपनीयतेचे बंधन लिहून घेतले असल्यास, काही आजी-माजी हक्कधारक मोकळेपणाने बोलू शकणार नाहीत, अशी सूचना माहितीपत्रकात देणे कंपनीस आवश्यक झाले. किती जणांना बांधले आहे, तो आकडा देणे मात्र ऐच्छिक राहिले. म्हणजे गप्प बसविण्यास मनाई नाही. गप्प बसविल्याचे सांगितले की पुरे.

कमिशनने २०२३ मध्ये फ्रँचाइझ व्यवहारांविषयी लोकांकडून माहिती मागविली. जुलै २०२४ मधील धोरणविषयक निवेदनात, शासनाकडे तक्रार करण्यास अडविणाऱ्या निंदाप्रतिबंधक व गोपनीयताविषयक अटी या अनुचित व्यापारी प्रथा असून बेकायदा आहेत, असे त्याने जाहीर केले. नव्या इच्छुकाशी होणाऱ्या संभाषणाचा प्रश्न त्याने सुटला नाही. कॅलिफोर्नियाचा कायदा, ऑस्ट्रेलियाची १९९८ ची आचारसंहिता व कॅनडातील आँटॅरिओ प्रांताचा २००० चा कायदा यांनी हक्कधारकांच्या एकत्र येण्याच्या स्वातंत्र्यास संरक्षण दिले.

भारतात फ्रँचाइझविषयक स्वतंत्र कायदा नाही; असे करार मुख्यतः १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाखाली येतात. सार्वजनिक धोरणाविरुद्ध असलेला करार त्याच्या कलम २३ अन्वये, तर न्यायालयात दाद मागण्याचा हक्क पूर्णतः हिरावून घेणारा करार कलम २८ अन्वये शून्य ठरतो. केवळ जाहीर टीकेस मनाई करणाऱ्या अटीचा तेथे नावानिशी उल्लेख नाही.