वही उरली, वाचक हरवला

१/ जाड कागदाच्या, कापडी बांधणीच्या महागड्या वह्या आज तरुणांना भुरळ घालतात. हाताने लिहिलेले टिकते, हा त्यामागचा विश्वास. उल्हासनगर कॅम्प १ मध्ये तो तपासून पाहावा.

२/ दुसऱ्या महायुद्धातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी छावणीचे उल्हासनगर झाले.

३/ सिंधी व्यापाऱ्यांचे हिशेब पूर्वी खुदावादी व तिच्या भगिनी लिपींत लिहिले जात. मोडीसारखीच ही वेगाची लिपी. स्वरचिन्हे बहुधा गाळलेली. १८५३ मध्ये इंग्रजांनी अरबी वळणाच्या लिपीला राजमान्यता दिली आणि शाळांतून तीच रुजली.

४/ २०१४ मध्ये खुदावादीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले; वाचणारे मोजकेच उरले. पणजोबांची वही हाती आली, तरी त्यातली उधारी पणतूला वाचता येणे कठीण.