फसली सनातली जन्मतारीख

माझ्या आजोबांच्या लेखी परदेश पैनगंगेपलीकडे सुरू होत असे. भोकरहून हिमायतनगरच्या बाजूने उत्तरेला गेलं की ही नदी लागते आणि ओलांडली की उमरखेडचा मुलूख. आज हा नांदेड जिल्ह्यातून यवतमाळ जिल्ह्यात जाण्याचा मामला आहे. एस.टी.त डुलकी लागलेल्या माणसाला पूल कधी गेला हेही कळत नाही. पण 1948 पर्यंत अलीकडे निजामाचं राज्य होतं आणि पलीकडे वऱ्हाड, म्हणजे नावाला निजामाचं, पण 1853 पासून कारभार इंग्रजांचा. इकडे हाली शिक्का, तिकडे कलदार रुपया. मालावर करोडगिरी, म्हणजे जकात. दप्तर इकडे उर्दूत. इतकंच काय, साल आणि महिनेही वेगळे. रझाकारांच्या धामधुमीत आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं रातोरात नदी उतरून गेली, तेव्हा आधी गेलेल्याने मागच्यांची सोय पाहायची, ही रीतच होती. कागद कुणी मागितला नाही.

कागद मागणारा परदेश आमच्या घरी आला तो 1971 साली. थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, औरंगाबादच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले आणि अमेरिकेला गेले. घरात कौतुक झालं, भोकरच्या स्टेशनवर निम्मं गाव पोचवायला आलं. पण अण्णांना अमेरिकेचं दार उघडं का मिळालं, हे मला फार उशिरा, इतिहास शिकवायला लागल्यावर कळलं.

ते दार आपल्या लोकांना बराच काळ बंदच होतं. 1917 च्या कायद्याने हिंदुस्थानासह आशियाचा मोठा भाग सरसकट वर्ज्य ठरवला. 1923 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात हिंदी माणूस नागरिक होऊ शकत नाही असा निकाल दिला. 1946 साली दार किलकिलं झालं, पण किती? सगळ्या हिंदुस्थानाला वर्षाला 100 जागा! मग 1965 चा कायदा आला. त्यात दोन वाटा होत्या: एक शिकलेल्या, कसबी माणसांची आणि दुसरी नातेवाइकांची. नागरिक झालेल्याने आईवडील, मुलं, बहीणभाऊ यांना बोलवावं. नातेवाइकांची वाट मोठी ठेवली की पुन्हा युरोपातलेच लोक येतील, अशी तिथल्या बऱ्याच पुढाऱ्यांची समजूत होती. पण युरोपातल्यांना तोवर यायची गरज उरली नव्हती, आणि डॉक्टर-इंजिनिअर म्हणून शिरलेल्या आशियाई माणसांनी आपली नाती बोलावायला सुरुवात केली. डॉक्टरांची ती सोपी वाट 1976 च्या कायद्याने आवळली गेली. अण्णा त्याआधी पोचले होते.

1986 साली अण्णांनी आमच्या बहिणीसाठी, अक्कासाठी, अर्ज केला. आम्हाला वाटलं वर्ष-दोन वर्षांचं काम. अक्काने तर लोणची-पापडांचा हिशोबसुद्धा करून ठेवला होता. पण बहीणभावांची रांग सगळ्यांत लांब असते. आजच्या हिशेबाने जगभरातल्या बहीणभावांना मिळून वर्षाला 65 हजार व्हिसा आणि कुठल्याही एका देशाला एकूणातल्या 7 टक्क्यांच्या वर नाहीत. भारतासारख्या देशाची रांग हलणार किती? 2025 मध्ये ज्या भारतीयांचा नंबर लागत होता, त्यांचे अर्ज 2006 सालचे होते. आमच्या अक्काचा नंबर बारा वर्षांनी लागला, तो 1998 मध्ये. त्या काळात त्याला लवकर म्हणत.

आणि मग कागदांची यादी आली. भाऊ आणि बहीण एकाच आईबापाची लेकरं आहेत हे सिद्ध करा. गावात विचारलं तर पोरंसुद्धा सांगतील, पण गावाला कोण विचारतो?

आम्ही तीन भावंडं म्हणजे तीन राजवटींचे कागद आहोत. अण्णांची शाळेतली नोंद निजामी अमदानीतली, उर्दूत: नाव, पुढे ‘वल्द’ आणि वडिलांचं नाव, आडनाव नाहीच. जन्म खुर्दाद 1350 फसली. फसली म्हणजे पिकापाण्याच्या, महसुलाच्या हिशेबाचं साल. हैदराबाद संस्थानात ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू व्हायचं आणि महिन्यांची नावं इराणी: आजर, दै, बहमन... शेवटी आबान. फसली सनात 590 मिळवले की त्या ऑक्टोबरचं इंग्रजी साल येतं. म्हणजे 1350 फसली ऑक्टोबर 1940 ला लागलं आणि त्यातला खुर्दाद म्हणजे साधारण एप्रिल 1941. अण्णांनी पासपोर्टच्या वेळी हे कुणाकडून तरी उतरवून घेतलं होतं म्हणून निभावलं.

माझी नोंद पोलीस ॲक्शननंतरची, मराठीत, स्वच्छ. जन्मतारीख अर्थातच 1 जून. आमच्या वर्गातली निम्मी पोरं 1 जूनला जन्मली होती. गुरुजींनी पोराचा हात डोक्यावरून कानाला लागतो का पाहायचा, वयाचा अंदाज बांधायचा आणि शाळा सुरू होण्याच्या बेताची तारीख टाकायची. आज हसू येतं, पण त्याच तारखेवर माणसं नोकरीतून निवृत्त झाली आणि परदेशीही गेली.

अक्काचं मात्र अवघड. ती चौथीपर्यंत शिकली. शाळेच्या दाखल्यावर तिचं माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव ‘कृष्णराव’. अण्णांच्या उर्दू नोंदीत वडील ‘किशनराव’. उर्दूत जेर-जबर बहुधा देत नाहीत, त्यामुळे वाचणारा जे वाचेल ते खरं. आणि लग्नात तर अक्काचं आडनावच नव्हे, पहिलं नावही बदललं. माहेरची गोदावरी सासरी सुनंदा होते, यात आपल्याला काही वावगं वाटत नाही. पण साहेबाच्या टेबलावर त्या दोन वेगळ्या बायका असतात. जन्माची सरकारी नोंद शोधली, ती नव्हतीच. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा 1969 चा, अमलात आला 1 एप्रिल 1970 ला. त्याआधीच्या खेड्यांतल्या नोंदी, त्यातही मुलींच्या, सापडल्या तर नशीब.

अशा वेळी रस्ता असतो. ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला घ्यायचा, शाळेचा दाखला जोडायचा आणि जन्माच्या वेळी हयात असलेल्या जाणत्या माणसाचं प्रतिज्ञापत्र करायचं. असं माणूस आमच्या घरातच होतं. वडील तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचे होते. निजामी काळात ते पटवारी होते. उर्दू मी त्यांच्याच मांडीवर शिकलो. त्यांना धोतर नेसवून कचेरीत नेलं. कारकुनाने मजकूर वाचून दाखवला की, सदर महिला ही माझी औरस मुलगी असून किशनराव व कृष्णराव ही एकाच इसमाची नावे आहेत. वडील बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “साऱ्या गावाचं रान लिहिलं रे मी. कुणाचा बांध कुठं ते लिहिलं. घरची लेक तेवढी लिहायची राहिली.”

सही त्यांनी उर्दूत केली आणि सवयीने खाली तारीख टाकली, दै 1408 फसली. कारकून म्हणाला, हे चालणार नाही. नवा स्टॅम्प पेपर आणला, पुन्हा सगळं टाइप केलं. पहिला कागद माझ्या ट्रंकेत आहे.

त्या कागदावर अक्काचं काम झालं. मुंबईच्या वकिलातीत मुलाखत झाली, अक्का, भाऊजी आणि एकोणीस वर्षांची भाची यांना व्हिसा मिळाला. थोरला भाचा राहिला. त्याला एकविसावं वर्ष लागून केव्हाच गेलं होतं आणि आईच्या अर्जावर एकविसाच्या आतलीच अविवाहित मुलं जातात. अर्ज केला तेव्हा तो बारा वर्षांचा होता! 2002 मध्ये अमेरिकेने या बाबतीत कायदा थोडा सैल केला. अर्ज मंजुरीसाठी खात्याकडे जितके दिवस पडून राहिला तितके दिवस मुलाच्या वयातून वजा होतात. रांगेत घालवलेली वर्षं मात्र होत नाहीत. त्यामुळे आज बहीणभावासाठी अर्ज करणाऱ्याने कागद-पेन घेऊन आधी भाचरांची वयं मांडावीत. दोन दशकांनी जायची वेळ येईल तेव्हा घरातलं कोण आत राहतं आणि कोण बाहेर, हे अर्जाच्या दिवशीच बरंचसं दिसतं.

अक्का तिकडे गेल्यावर भाच्यासाठी अर्ज करता येत होता, कारण ग्रीन कार्डवाल्या आईला अविवाहित मुलगा बोलावता येतो, वय काहीही असो. पण विवाहित मुलगा नाही. त्यासाठी आईने आधी नागरिक व्हावं लागतं. म्हणजे पोराला सांगायचं, बाबा रे, लग्न करू नकोस, किती वर्षं ते सांगता येत नाही. अक्काने फोनवर तसं सांगितलंही. भाच्याने 2001 मध्ये लग्न केलं. मला त्याचं बरोबर वाटलं. अक्का लग्नाला आली होती, पण मला वाटतं तिने त्याला पुरतं माफ केलं ते पहिली नात झाल्यावरच.

उर्दू येत असल्याने माझ्याकडे दुसऱ्या तऱ्हेची माणसंही यायची. 1948 नंतर मराठवाड्यातली काही मुसलमान कुटुंबं कराचीला गेली. एक भाऊ तिकडे, एक इकडे. जुलै 1948 पासून पश्चिम पाकिस्तानातून यायला परमिट लागू लागलं, ऑक्टोबर 1952 पासून पासपोर्ट. घर सोडताना पंधरा दिवसांत येतो म्हणालेला माणूस परकीय नागरिक होऊन बसला. नव्या पिढीला उर्दू वाचता येईना, म्हणून त्या घरची पोरं कराचीची पत्रं माझ्याकडून वाचून घेत. त्यांत बहुधा लग्नं, मयती आणि आंब्याची चौकशी असायची. बोलावण्याची भाषा हळूहळू कमी होत गेली. कुटुंब एकत्र आणण्याचा कायदा त्यांच्यासाठी कुणी केला नव्हता.

आता आमच्याकडची पोरं जास्त करून आखाताकडे पाहतात. शेजारी तेलंगणात, निजामाबाद-निर्मलकडे, घरटी कुणी ना कुणी दुबई-मस्कतला गेलेला असतो, त्यामुळे भैंशाच्या बाजूने एजंट येतात आणि ‘आझाद व्हिसा’ देतो म्हणतात. यात आझाद काही नसतं. कागदावर मालक एक आणि काम दुसरीकडे, म्हणजे पकडलं की बेकायदा. 1983 च्या स्थलांतर कायद्याप्रमाणे दहावी न झालेल्या माणसाला आखाती देशांत नोकरीला जायचं तर सरकारी परवानगी लागते आणि एजंटमार्फत जायचं तर तो परवानाधारक असावा लागतो. हा जाच नाही, पगार आणि करार कुठेतरी लिहून राहण्याची ती सोय आहे. त्याबरोबर प्रवासी भारतीय बीमा योजनेत 10 लाखांचा विमाही होतो. 1990 च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा सुमारे 1 लाख 70 हजार भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी आणावं लागलं. पासपोर्ट मालकाच्या कपाटात असलेल्यांचे हाल तेव्हा सगळ्यांनी पाहिले. पासपोर्टची एक प्रत घरी आईजवळ ठेवा आणि पोचल्यावर तिथल्या वकिलातीत नाव नोंदवा, एवढं मी प्रत्येकाला सांगतो. निम्मे ऐकतात.

अमेरिकेतल्यांना मी वेगळं सांगतो, कारण त्यांची अडचण जमिनीची असते. परदेशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. 2005 पासून ओसीआय कार्ड आहे, त्यावर येता-जाता येतं, राहता येतं, मतदान मात्र नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वडिलोपार्जित वाटा वारसाने मिळतो. आमचे वडील 2003 मध्ये गेले. अण्णांचं नाव वारसात लागलं, पण सही करायला ते इथे नाहीत. मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून पाठवायचं आणि इथे आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरायचा. आमचं पहिलं मुखत्यारपत्र माझ्या टेबलाच्या खणात चार महिने पडून राहिलं. दोष माझाच. अण्णांना पुन्हा दोनशे मैल गाडी हाकत जावं लागलं. त्या दिवसानंतर आठवडाभर त्यांचा फोन नव्हता.

भाऊजी गेल्यावर अक्का 2011 मध्ये परत आली, ग्रीन कार्ड परत केलं आणि मुलाकडे राहू लागली. भाची तिकडेच आहे, नागरिक झाली. दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या मुलीला मुलगी झाली. ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्यांना जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा पुरावा, असा नवा नियम आहे. दवाखान्यातून घरी यायच्या आधी अक्काने नातजावयाला नगर परिषदेत पाठवलं. दाखला आला तो तिने चष्मा लावून वाचला, बाळाचं नाव, आईचं नाव, बापाचं नाव, एकेक अक्षर. बापाच्या नावात एक वेलांटी चुकली होती. तिने त्याला त्याच पावली परत धाडलं.