सोनं गेलं, नाव उरलं

सुदानमध्ये नाईलच्या काठावर नुरी नावाचं ठिकाण आहे. प्राचीन नुबियातल्या कूश राज्याच्या राजा-राण्यांचे पिरॅमिड तिथे आहेत. सगळ्यात मोठा तहारकाचा, म्हणजे इजिप्तवरही राज्य केलेल्या नुबियन राजाचा (इ.स.पू. ६९० ते ६६४).

१९१६ ते १९१८ मध्ये जॉर्ज राइसनर या अमेरिकन संशोधकाने इथे उत्खनन केलं. बहुतेक दफनकक्ष चोरांनी प्राचीन काळीच साफ केले होते. पण अनेक पिरॅमिडच्या कोपऱ्यांखाली छोटे खड्डे सापडले, पायाभरणीच्या विधीत वस्तू ठेवून बुजवलेले. त्यांत बळी दिलेल्या बैलाची हाडं, मातीची भांडी, वाटण्याचे दगड, अवजारांच्या छोट्या प्रतिकृती आणि धातूच्या, दगडाच्या, चकाकत्या फायन्सच्या लहान पट्ट्या. काही पट्ट्यांवर चक्क राजाचं नाव कोरलेलं! अस्पेल्ता राजाच्या अशा पट्ट्या आज बोस्टनच्या संग्रहालयात आहेत.

मला यातली गंमत बघा कुठे वाटते. जे दिमाखात ठेवलं, ते लुटलं गेलं. जे कुणालाच दिसू नये म्हणून गाडलं, त्यानेच कुठला पिरॅमिड कोणाचा हे सांगितलं. या पुराव्यांवरून राइसनरने राजांचा क्रम लावला. आणि तोच राइसनर पूर्वग्रहापायी या घराण्याचं मूळ आफ्रिकेच्या काळ्या लोकांत नाही, तर लिबियात शोधत बसला! पुरावा हातात असूनही माणूस आंधळा राहू शकतो, तो असा.

हे आज का लिहितोय? एप्रिल २०२३ पासून सुदान युद्धात होरपळतोय. खार्तुमचं राष्ट्रीय संग्रहालय लुटलं गेलं. मार्च २०२५ मध्ये सैन्याने शहर परत घेतलं, तेव्हा दालनं उघडीबोडकी दिसली. सुदानी वस्तूंची खरेदी-विक्री करू नका, असं आवाहन युनेस्कोला करावं लागलं.

पायातली पट्टी मुठीत मावते. ती कुठल्या पिरॅमिडच्या कुठल्या कोपऱ्यातून आली याची नोंद असेल तर ती इतिहास. नोंद हरवली की नुसता शोभेचा तुकडा. प्राचीन चोरांना सोनं हवं होतं, म्हणून नावं तरी वाचली. आजच्या बाजारात नाव कोरलेल्या तुकड्यालाही गिऱ्हाईक आहे. म्हणून एवढंच सांगतो: कुठे ‘प्राचीन नुबियन वस्तू’ विकायला दिसली, तर कितीही मोह झाला तरी घेऊ नका. कुणाचं तरी नाव पुसून ती तिथवर आलेली असू शकते.