शाळेचा क्रमांक आणि मुलाचा क्रमांक

ज्या लॅमिंग्टन रस्त्याने आपण आज येथवर आलात, त्याला नाव देणारे लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. मुंबईतही त्यांच्या नावाचा रस्ता होता. पुढे तो डॉ. भडकमकर मार्ग झाला. हुबळीने मात्र जुने नाव टाकले नाही. या नावाचा उल्लेख करतो तो एवढ्यासाठी, की १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत हे शहर मुंबईच्या कारभारात होते आणि येथील शाळांचे दप्तरही त्याच वळणाचे होते. त्या दप्तरातील मुख्य वही म्हणजे जनरल रजिस्टर.

प्रवेशाच्या दिवशी मुलाला या वहीत एक अनुक्रमांक मिळे. त्यापुढे नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, आधीची शाळा. वस्तुतः हा क्रमांक शाळेचा असे, मुलाचा नव्हे. सदर्न मराठा रेल्वेच्या कारखान्याभोवती वाढलेल्या या गावात बदल्या नेहमीच्याच. वडिलांची बदली मिरजेला झाली की क्रमांक मागे राही आणि मुलाबरोबर जाई तो केवळ शाळा सोडल्याचा दाखला.

त्या वहीला मी देव्हाऱ्यात बसवणार नाही. पालकांना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी बेधडक १ जून लिहीत. गावोगावची मुले एकाच दिवशी जन्मली, आणि नोकरीत गेलेली एकाच दिवसाच्या हिशेबाने निवृत्तही झाली! शिवाय एकाच मुलाचे नाव दोन शाळांच्या पटावर राहू शके. अनुदान, शिक्षकांची पदे, पोषण आहाराचे धान्य, सारे पटसंख्येवर अवलंबून. तेव्हा हा दोष निरागस राहिला नाही. महाराष्ट्रात ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा लाखो नावांमागे मूलच सापडले नाही. २०१५ साली तेथे 'सरल' प्रणाली आली. कर्नाटकाने 'सॅट्स' उभारली. देशपातळीवरील यूडायसमध्ये शाळेला अकरा अंकी संकेतांक होताच, त्यातील पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९. त्यात पुढे प्रत्येक मुलाला कायम शिक्षण क्रमांक मिळू लागला आणि २०२३ पासून बारा अंकी 'अपार' आला.

मुलाबरोबर फिरणारा क्रमांक मला हवासा वाटतो. ऊसतोडीला आईबापांमागे जाणारे मूल दर हंगामात पटावरून पुसले जाऊ नये. परंतु 'अपार' आधारशी जोडलेला आहे, आणि तेथे नावाचे अक्षर न् अक्षर जुळावे लागते. हुबळीतील मराठी घर घ्या. मुलाचे नाव शाळेत कन्नड लिपीत, घरी देवनागरीत, आधारवर रोमन अक्षरांत. आपल्याकडे वडिलांचे नाव मध्ये आणि आडनाव शेवटी. कन्नड रीतीत आद्याक्षरे बहुधा आधी. यंत्राला ही दोन माणसे वाटतात. आधारअभावी शाळाप्रवेश नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी सांगितले. 'अपार'लाही पालकांची संमती लागते. पण संमतिपत्र वाचून दाखवणारा कोणी असतो का, हे मी पुष्कळदा विचारतो. जुन्या वहीतील चूक निदान लिहिणाऱ्यासमोर उभे राहून दाखवता येई.

माझ्याही दाखल्यावर १ जून आहे. आई सांगे, तेव्हा दसरा तोंडावर आला होता.