तूर्तातूर्त मनाई आणि ग्रंथाचे आयुष्य

मराठी न्यायव्यवहारात 'इंजंक्शन'साठी रूढ झालेली संज्ञा 'मनाई हुकूम' ही आहे. तिची दोन्ही पदे मूळ अरबी असून ती फारसीमार्गे मराठीत स्थिरावली. हिंदीने त्याच अर्थाने 'निषेधाज्ञा' हा संस्कृत शब्द घडविला. संकल्पना मात्र इंग्लंडच्या चान्सरी न्यायालयातून आली. झालेल्या हानीची भरपाई पैशाने होणे शक्य नसेल, तर ती हानी घडण्यापूर्वीच रोखावी, हे तिचे मूळ सूत्र होय.

भारतात निरंतर मनाई १९६३च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमानुसार, दाव्याच्या अंतिम निर्णयानंतर दिली जाते. दावा प्रलंबित असतानाची तात्पुरती मनाई १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ३९ खाली येते. ती देताना न्यायालय तीन गोष्टी पाहते : प्रथमदर्शनी बाजू, सोयी-गैरसोयीचा तोल आणि भरून न येणारी हानी. हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते. त्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते. शासनाने पुस्तक सरकारजमा करणे ही याहून वेगळी बाब आहे. तेथे राज्यसत्ता पुढाकार घेते, तर मनाई हुकूम एखादी व्यक्ती दुसरीविरुद्ध मागते.

साहित्येतिहासाच्या दृष्टीने खुशवंतसिंग यांच्या आत्मचरित्राचे प्रकरण उद्‌बोधक ठरते. १९९५ मध्ये 'इंडिया टुडे'ने त्यातील काही भाग छापला. मनेका गांधी यांनी बदनामी व खासगीपणाचा भंग या कारणांवरून दिल्ली उच्च न्यायालयात दावा केला आणि एकल न्यायाधीशांनी प्रकाशनास अंतरिम मनाई केली. २००१ मध्ये खंडपीठाने ती उठविली. वादग्रस्त मजकुराचा विषय पूर्वीच अन्यत्र चर्चिला गेला होता आणि बदनामी सिद्ध झाल्यास नुकसानभरपाईचा मार्ग खुला होता, हे खंडपीठाने लक्षात घेतले. 'ट्रुथ, लव्ह अँड अ लिट्ल मॅलिस' हे पुस्तक अखेर २००२ मध्ये वाचकांच्या हाती आले. १९१५ मध्ये जन्मलेल्या लेखकाने तोवर वयाची पंच्याऐंशी वर्षे ओलांडली होती.

या निर्णयामागे दोन पूर्वदाखले उभे आहेत. लेखनाच्या सत्यतेचा बचाव घेणाऱ्या प्रतिवादीस अंतरिम टप्प्यावर सहसा रोखू नये, असे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 'बोनार्ड विरुद्ध पेरीमन' खटल्यात १८९१ मध्ये सांगितले. कैदी ऑटो शंकर याचे आत्मचरित्र छापू पाहणाऱ्या 'नक्कीरन' या तमिळ साप्ताहिकाच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये स्पष्ट केले, की बदनामीच्या भीतीने शासनास वा अधिकाऱ्यांस पूर्वनिर्बंध लादता येत नाही. दाद मागायची ती प्रकाशनानंतर. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग व झी यांच्यातील वादातही सर्वोच्च न्यायालयाने १८९१च्या निकषाचा आधार घेऊन अंतरिम मनाई रद्द केली.

तात्पुरती मनाई ग्रंथाच्या गुणदोषांवर अंतिम मत देत नाही. तरीही तिच्यामुळे ग्रंथाचा काळ बदलतो. लेखन एका दशकाचे आणि वाचन दुसऱ्या दशकाचे होते. समकालीन प्रतिसादाची जागा उत्तरकालीन कुतूहल घेते. म्हणून अशा ग्रंथांच्या स्वीकृतीचा अभ्यास करताना मुखपृष्ठावरील प्रकाशनवर्षाबरोबरच दाव्याच्या तारखाही तपासणे अगत्याचे ठरते. 'तूर्तातूर्त' या शब्दातील अल्पकाल आणि न्यायालयातील प्रत्यक्ष काल यांमध्ये जे अंतर पडते, ते लेखकाला आपल्या आयुष्यातून भरून द्यावे लागते.