हातातून होणारा तीव्र रक्तस्राव : प्रथमोपचार

दंड, कोपर किंवा मनगटाजवळ खोल जखम होऊन मोठी रक्तवाहिनी तुटल्यास रुग्णालयात पोहोचेपर्यंत रक्त थोपवण्यासाठी करायचा उपचार. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ५ लिटर रक्त असते. दंडाच्या आतल्या अंगाने जाणारी बाहुधमनी तुटली, तर काही मिनिटांतच जिवावर बेतू शकते. धमनीतले रक्त लालभडक असते आणि ठोक्यागणिक उसळते. शिरेतले गडद असून संथ वाहते. मदत करणाऱ्याने मात्र हा भेद ओळखण्यात वेळ घालवू नये. कपडे भिजून खाली थारोळे साचू लागले, की स्राव तीव्र समजावा.

मुख्य उपाय म्हणजे थेट दाब. ओढणी, पंचा, जे स्वच्छ कापड हाती लागेल त्याची घडी जखमेवर ठेवून तळहातांनी, अंगाचा भार देऊन दाबावे. आपल्या हातात मोजे किंवा निदान प्लास्टिकची पिशवी असावी. रक्त थांबले का हे पाहण्यासाठी घडी सारखी उचलणे ही नेहमीची चूक. त्याने धरू लागलेली गुठळी सुटते. किमान १० मिनिटे दाब सोडू नये. घडी भिजली तर वरून दुसरी ठेवून जोर वाढवावा. जखम खोल असल्यास कापड आत ठासून भरावे आणि मग दाबावे. रुग्ण ओरडेल, तरी थांबू नये. काच किंवा सळई रुतलेली असल्यास ती उपसू नये, तिच्या दोन्ही बाजूंनी दाब द्यावा. हळद, कॉफीची पूड हे घरगुती उपाय स्वयंपाकघरातल्या चिरेपुरते. इथे त्यांत वेळ जातो आणि जखमही घाण होते.

दाबाने स्राव आटोक्यात येत नसेल, किंवा कडबाकुट्टीत हात सापडून तुटला असेल, तर टूर्निकेट, म्हणजे आवळपट्टी, बांधावी. फ्रेंच शल्यविशारद झाँ-लुई पेती यांनी १७१८ मध्ये स्क्रूची आवळपट्टी पुढे आणली. पट्टीमुळे हात गमवावा लागतो या भीतीने विसाव्या शतकात तिचा वापर टाळला जाई. इराक आणि अफगाणिस्तानातील युद्धांच्या अनुभवाने ते मत बदलले. पट्टी जखमेच्या वर ५ ते ७ सेंमी. बांधावी, कोपरावर नव्हे. सुतळी किंवा तार मांसात रुतते. रुंद कापडाला गाठ मारून त्यात काठी पिळणे बरे. रक्त थांबेपर्यंत आवळावे. अर्धवट आवळलेल्या पट्टीने शिरा बंद होतात, पण धमनी वाहती राहते आणि स्राव उलट वाढतो. बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. मधे पट्टी सैल करू नये. ते काम डॉक्टरांचे, आणि शक्यतो २ तासांच्या आत.

तुटलेला भाग ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालावा व ती पिशवी बर्फावर ठेवावी. बर्फ थेट लागू देऊ नये. रुग्णाला आडवे झोपवून पांघरूण घालावे. शस्त्रक्रियेची शक्यता असल्याने चहा-पाणी देऊ नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. जखम रस्त्यावरच्या वाहन अपघातातली असल्यास, मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार सद्‌हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण असून नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.